नदीत लपवलेली शिवण

मित्रांनो, हसू नका हं! मी एक जुना कॅमेरा आहे हे मान्य. पण वाढदिवसाला 'जरा हसा, जरा हसा' म्हणत फिरणाऱ्यांपैकी मी नव्हे. माझं वजन नव्वद किलो. मला उचलायला तीन माणसं लागतात आणि तिघांपैकी एकाची तरी कंबर धरतेच. विमानाच्या पोटाला गोल भोक पाडून त्यात मला डोळा खाली करून बसवत आणि मी उडत्या विमानातून जमिनीचे फोटो काढत असे. तुम्ही मोबाइलवर दोन बोटांनी नकाशा मोठा करता आणि 'ते बघ आपलं छप्पर!' म्हणून ओरडता ना? ती सगळी गंमत आमच्या बिरादरीची आहे, बरं का!

माझा जन्म काचा घासणाऱ्या एका कारखान्यात झाला. माझ्या डोळ्यात आठ भिंगं आहेत. ती घासायला सात महिने लागले. जाड चष्म्याच्या एक बाई ते काम करत. भिंगाजवळ त्या शिंकही येऊ देत नसत. आलीच तर धावत अंगणात जाऊन शिंकून येत. भिंगं तयार झाली तेव्हा त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि इतक्या खूश झाल्या, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारून म्हणाल्या, "अहो, बघा तरी! केसभरसुद्धा वाकडं दिसत नाही." तेव्हा माझी छाती जी फुगली, ती आजवर फारशी खाली बसलेली नाही.

मग सुरू झालं माझं खरं आयुष्य. विमान चालवायचे कॅप्टन. ते फार कमी बोलत. माझ्याशेजारी बसायचे रीळमामा. माझ्या पोटात फिल्मचं वीतभर रुंद रीळ भरायचं काम त्यांचं, म्हणून सगळे त्यांना रीळमामा म्हणत. शेतात नांगर फिरवतात तसं आमचं विमान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ जायचं, वळायचं आणि शेजारच्या पट्ट्यातून परत यायचं. दर काही सेकंदांनी मी 'खटॅक' करायचो. गंमत म्हणजे प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला अर्ध्याहून जास्त भाग पुन्हा यावा लागे. तुम्ही म्हणाल, ही कसली उधळपट्टी? तर एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा! दोन डोळ्यांनी पाहिलं की वस्तू किती जवळ आणि किती लांब ते कळतं. तसंच एक जागा दोन ठिकाणांहून टिपली की टेकडी किती उंच आणि खड्डा किती खोल ते मोजता येतं.

आणि मोजावं लागतंच. कारण वरून काढलेल्या फोटोत मधलं घर सरळ दिसतं. पण कडेचे उंच मनोरे बाहेरच्या बाजूला कलतात आणि टेकड्या आपली जागा सोडून सरकतात. तो फोटो जसाच्या तसा नकाशात लावला तर रस्ते एकमेकांना भेटणारच नाहीत. म्हणून आधी जमिनीवर मोजून मोजून पांढऱ्या फुल्या रंगवतात. फोटोत त्या फुल्या शोधायच्या आणि त्यांच्या आधाराने सगळं चित्र ओढून-ताणून सरळ करायचं. मग असे शेकडो फोटो शेजारी शेजारी जोडायचे. कसलं भारी काम आहे, सांगा!

तेवढ्यात उपग्रह आला. खोटं कशाला बोलू, मी त्याला पाण्यात पाहत होतो. मी फार तर तीन-चार किलोमीटर उंच जाणार आणि हा गडी शेकडो किलोमीटर वर! ना पेट्रोल, ना वैमानिक, ना रीळ. आम्हाला वर्षभर पुरेल एवढी जमीन तो एका फेरीत टिपायचा. ठरलेल्या दिवशी, सकाळी ठरलेल्या वेळी डोक्यावर हजर. 'झालं, आता आपल्याला कोण विचारतो?' असं मला वाटलं. पण हळूहळू कळलं, की त्याच्या पुष्कळ चित्रांत घर म्हणजे नुसता दाणा असतो. शिवाय वाटेत ढग आला, की त्याचा नाइलाज होतो. म्हणून नकाशा करणारे दोघांनाही कामाला लावतात. तुम्ही आख्खा देश बघत असता तेव्हा ते चित्र उपग्रहाचं असतं. बोटांनी मोठं करत करत गल्लीपर्यंत आलात, की मध्येच कुठेतरी उपग्रह बाजूला होतो आणि विमानातला फोटो पुढे येतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही!

पत्ता लागत नाही, याचं श्रेय शिंपीणबाईंना. खरं तर त्या कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या, पण नकाशाच्या कार्यालयात सगळे त्यांना याच नावाने चिडवत आणि त्यांनाही ते आवडे. वेगवेगळ्या दिवशीचे, वेगवेगळ्या रंगांचे फोटो जोडून एकसंध करायचं काम त्यांचं. दोन फोटो जिथे मिळतात ती शिवण. ती दिसली की शिंपीणबाईंचा दिवस वाईट जायचा. त्या शिवण रस्त्याच्या कडेने न्यायच्या, कुंपणावरून न्यायच्या, झाडांच्या सावलीतून न्यायच्या. पण त्यांची सर्वात लाडकी जागा म्हणजे नदी. "पाण्यात शिवण घातली की देवालासुद्धा सापडत नाही," असं त्या नव्या लोकांना शिकवत.

हे मला इतकं बारीक ठाऊक आहे, कारण पुढे नवा, रिळाशिवाय चालणारा कॅमेरा आला आणि मला शिंपीणबाईंच्या टेबलाशेजारच्या काचेच्या कपाटात ठेवलं. माझे जुने फोटो कॉम्प्युटरमध्ये चढवले आणि मी शोभेची वस्तू झालो. माझ्यावर धूळ बसली. कुणीतरी माझ्या डोक्यावर सुटे कागद ठेवायला लागलं. फक्त रीळमामा महिन्यातून एकदा यायचे, आल्याआल्या ते कागद फेकून द्यायचे आणि मऊ फडक्याने माझं भिंग पुसायचे. "मामा, आता कशाला हे?" असं कुणी विचारलं, की म्हणायचे, "आपल्याला काय करायचंय? पुसतोय तर पुसू दे की."

आणि मग एका सकाळी शिंपीणबाईंचा फोन वाजला. पलीकडून त्यांचा धाकटा भाऊ बोलत होता. नदीपलीकडच्या टेकडीखाली एक वस्ती आहे, तिथे तो आणि त्याची बायको राहत. बायको आठ महिन्यांची गरोदर होती.

"ताई, तुमच्या नकाशात आमचा पूल अर्धाच आहे गं."

शिंपीणबाई आधी हसल्या. "अर्धा? उरलेला काय माशांनी खाल्ला?"

"हसू नकोस. काल शेजारच्या आजोबांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका बोलावली. पुलावरून दहा मिनिटांचा रस्ता; ती आली सव्वा तासाने, जुन्या पुलाला वळसा घालून! ड्रायव्हर म्हणतो, नकाशा सांगतो तिथून आलो. आजोबा वाचले, पण डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचले." मग तो म्हणाला, "ताई, तीन आठवड्यांनी हिची वेळ आहे. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय, कळा सुरू झाल्या की एक मिनिट घालवू नका. काय स्कूटरवर बसवून नेऊ का मी हिला?"

शिंपीणबाईंनी नकाशा उघडला. खूप मोठा केला. मी कपाटातून बघतच होतो. अलीकडच्या काठावरून एक सुंदर नवा पूल निघाला होता आणि नदीच्या मधोमध धारदार सुरीने कापावा तसा संपला होता! पलीकडे नुसतं पाणी आणि काठावरची झुडपं. शिंपीणबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती शिवण त्यांचीच होती. नव्या कॅमेऱ्याच्या फोटोत नदीच्या मध्यापर्यंत लख्ख ऊन होतं, पण पलीकडे टेकडीवरून उतरलेला ढग बसला होता. त्यांनी ढग कापून टाकला, तिथे जुना फोटो जोडला आणि सवयीने शिवण नदीत लपवली. त्या दिवशी तीनशे फोटो जोडायचे होते. पूल त्यांना दिसला असता तर केसाएवढा दिसला असता. रंग जुळला, त्या पुढे गेल्या. नंतर शेजारच्या खोलीतल्या, चित्रावरून रस्त्यांच्या रेघा काढणाऱ्या लोकांनी तो अर्धा पूल पाहिला आणि 'काम अपुरं' समजून रस्ता तोडून टाकला.

आणि मित्रांनो, पलीकडच्या काठाचा तो जुना फोटो कुणाचा होता, माहीत आहे? माझा! पूल बांधायच्या कितीतरी वर्षं आधी मीच तो काढला होता. केवढा अभिमान होता मला त्या फोटोचा. आता मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शिंपीणबाई तडक साहेबांकडे गेल्या. साहेब माणूस वाईट नव्हते, पण नियमाचे पक्के. भावाने मोबाइलवर काढलेला पुलाचा फोटो पाहून ते म्हणाले, "बाई, हा पूल कुठलाही असू शकतो. मागे एकदा असंच कुणाच्या तरी सांगण्यावरून रेघ काढली आणि एक ट्रक थेट पाण्यात जायचा वाचला. वरून दिसलं पाहिजे आणि मोजता आलं पाहिजे. त्याशिवाय रेघ नाही."

मग वरून कोण बघणार? उपग्रह दर पाच दिवसांनी येत होता, पण टेकडीवरचा ढग काही हलत नव्हता. दोन फेऱ्यांत नुसता कापूस दिसला. विमानतळ जवळ असल्यामुळे तिथे ड्रोनला बंदी. नवा कॅमेरा तपासणीसाठी कारखान्यात गेलेला, दोन महिने येणार नव्हता. शिंपीणबाईंनी रुग्णवाहिकेच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या बाई फार भल्या होत्या. "ताई, मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवते," त्या म्हणाल्या. "पण कुठली गाडी जवळ आहे ते मशीन ठरवतं आणि ड्रायव्हर रोज वेगळा. रात्रपाळीच्या माणसाने तो कागद वाचला नाही तर माझ्या हातात काही नाही हो." हे ऐकून शिंपीणबाईंनी डोकं दोन्ही हातांत धरलं.

नेमके तेव्हाच रीळमामा फडकं घेऊन आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा शिंपीणबाईंकडे पाहिलं.

"अगं पोरी, ढग किती उंचीवर आहे?"

"हजारेक मीटर असेल. का?"

"उपग्रहाला ढगाखाली येता येत नाही. आम्हाला येतं!"

अरे वा रे वा! माझ्या आठही भिंगांना घाम फुटायचा तेवढा बाकी राहिला. मामांनी तिथल्या तिथे कंबर कसली. कार्यालयाच्या फ्रीजमध्ये दुधाच्या पिशव्यांच्या मागे एक शेवटचं रीळ सापडलं. त्याची तारीख चार वर्षांपूर्वीच उलटली होती. "शिळं आहे, पण नासलेलं नाही," मामा म्हणाले. कॅप्टन निवृत्त होऊन घरी बाग करत होते. पण परवाना चालू होता. ते हातातली माती झटकत आले. साहेबांनी बराच वेळ कपाळाला आठ्या घातल्या आणि मग उड्डाणाच्या कागदावर सही केली. म्हणाले, "पण पांढऱ्या फुल्या लागतील. त्याशिवाय मोजणार कसं?"

फुल्यांचं काम भावाने घेतलं. शिंपीणबाईंनी फोनवर सांगितलं आणि त्याने वस्ती कामाला लावली. रंग आणायला वेळ नव्हता, म्हणून लोकांनी घरातल्या पांढऱ्या चादरी आणल्या, त्यांच्या घड्या घालून लांब पट्ट्या केल्या आणि पुलाच्या दोन्ही टोकांना, शाळेच्या मैदानात आणि पाण्याच्या टाकीजवळ एकेक मोठी फुली मांडली. एका मोजणीदाराने नेमक्या जागा मोजून दिल्या. चादरी उडू नयेत म्हणून वर विटा ठेवल्या. तरी एका आजींनी बजावलंच म्हणे, "माझी चादर मला धुऊन परत हवी!"

तीन माणसांनी मला उचललं. एकाची कंबर धरली. सकाळी अकराला आम्ही धावपट्टीवरून उडालो! कितीतरी वर्षांनी खालची जमीन माझ्या डोळ्यासमोरून सरकू लागली, आणि मला इतका आनंद झाला की मी कशासाठी आलोय तेच क्षणभर विसरलो. ढग वर, आम्ही खाली. ऊन नव्हतं, सगळीकडे राखाडी उजेड. नदी दिसली, आणि पूल! अख्खा पूल, या काठापासून त्या काठापर्यंत! त्यावर माणसंच माणसं, सगळी हात हलवत होती.

'खटॅक!' आणि तिथेच घोटाळा झाला. माझ्या आत फिल्म एका सपाट पाटीवर हवेने ओढून धरावी लागते. जरा जरी फुगली तरी चित्र वाकडं. ती हवा ओढणारी रबरी नळी इतक्या वर्षांत वाळून चिरली होती. दाब दाखवणारा काटा खाली आला. मामा ओरडले, "फिल्म धरत नाहीये! एक फेरी मारून या!" त्यांनी खिशातला रुमाल काढला, थर्मासमधल्या पाण्यात भिजवला, नळीला गच्च गुंडाळला आणि वरून दोन्ही हातांनी मूठ आवळली. काटा वर चढला. कॅप्टननी विमान वळवलं. पंचवीस मिनिटं मामांनी ती मूठ सोडली नाही. नाकावर घाम ओघळला तरी पुसला नाही. आणि मी खटॅक, खटॅक, खटॅक करत राहिलो. छत्तीस फोटो! शेवटचा निघाला तेव्हा मामांना बोटं उघडता येईनात.

उतरल्या उतरल्या मामा रीळ घेऊन त्यांच्या जुन्या काळोख्या खोलीत शिरले. तिथे आता झाडू आणि बादल्या ठेवत. त्या बाहेर काढून त्यांनी फिल्म धुतली. बाहेर शिंपीणबाई नखं खात उभ्या. दार उघडलं आणि मामा म्हणाले, "आलंय गं, आलंय!" मग काय, सगळ्यांची एकच धावपळ! फोटो कॉम्प्युटरमध्ये चढवले, चादरींच्या फुल्या शोधल्या, चित्र सरळ केलं. पूल अगदी जागच्या जागी बसला.

पण एक अडचण उरलीच. माझे फोटो ढगाखालचे, शिळ्या रिळावरचे. आजूबाजूचा नकाशा हिरवागार, उन्हाने झळझळणारा आणि मध्ये माझा तुकडा काळपट, राखाडी. नव्या कोऱ्या कपड्याला जुन्या चादरीचं ठिगळ लावावं तसा तो दिसत होता. साहेब मागे येऊन उभे राहिले.

"बाई, हे असं जगाला दाखवायचं? रंग जुळवा, शिवण लपवा. आठवडा घ्या हवा तर. एवढा तुमचा हातखंडा आहे."

शिंपीणबाईंनी पडद्याकडे पाहिलं. वीस वर्षं त्यांनी एकही शिवण उघडी सोडली नव्हती.

"साहेब, शिवण लपवली म्हणून तर पूल बुडाला," त्या म्हणाल्या. "ठिगळ दिसू दे. लोक हसतील, हसू देत. आठवडा माझ्याकडे नाहीये."

साहेबांनी ते ठिगळ नीट न्याहाळलं. मग हळूच म्हणाले, "लावा." शेजारच्या खोलीतून रस्त्याची रेघ पुलावरून पलीकडे गेली. चित्राचे छोटे छोटे चौकोनी तुकडे झाले, कारण मोबाइल अख्खा नकाशा एकदम मागवत नाही, लागतील तेवढेच तुकडे मागवतो. संध्याकाळपर्यंत नवे तुकडे जुन्यांच्या जागी बसले. आणि खरोखरच लोक हसले. 'हे काय, नकाशावर चहा सांडला का?' असं कुणीतरी लिहूनही पाठवलं.

सहाव्या दिवशी भर दुपारी फोन वाजला. शिंपीणबाईंनी तो उचलला आणि उभ्याच राहिल्या. भाऊ धापा टाकत होता. वेळेच्या आठवडाभर आधीच कळा सुरू झाल्या होत्या. रुग्णवाहिका बोलावली होती. कार्यालयातलं सगळं काम थांबलं. रीळमामा माझं भिंग पुसत होते, त्यांचा हात तसाच राहिला. भाऊ फोनवर नुसता "अजून नाही... अजून नाही..." म्हणत होता. शिंपीणबाईंची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. पाच मिनिटं. सात. नऊ.

आणि एकाएकी फोनमधून भोंगा ऐकू आला. "ताई, पुलावरून येतेय! ताई, गाडी पुलावर आहे!" भाऊ ओरडला, आणि शिंपीणबाई मटकन खुर्चीत बसून लहान मुलीसारख्या रडू लागल्या. दोन तासांनी मुलगी झाली. बाळ आडवं आलं होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघींचंही काही सांगता आलं नसतं.

मित्रांनो, मी आता पुन्हा कपाटात आहे. माझी नळी बदलली आहे आणि माझ्या डोक्यावर कुणी कागद ठेवत नाही. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. जमिनीचा प्रत्येक फोटो काढल्या क्षणापासून जुना व्हायला लागतो. म्हणून नकाशा बघताना त्याची तारीख विचारा, आणि तुमच्या गल्लीत काही चुकलेलं दिसलं तर कंटाळा न करता कळवा; कळवणारं माणूस नसेल तर आम्हाला वरून कसं कळणार? जुन्या यंत्रांना अडगळ म्हणू नका, कधीतरी पुसत जा. आणि नकाशावर कुठे काळपट, विजोड, न जुळणारा तुकडा दिसला, तर त्याला हसू नका. तिथे कुणीतरी कुणासाठी घाई केलेली असेल.